मुक्काम मुक्ती, केडगाव

पुण्याहून दौंडकडे जाणारी सकाळची गाडी हडपसर, लोणी, उरुळी मागे टाकते आणि यवतच्या आसपास खिडकीतलं जग बदलतं. उजवीकडे दूरवर भुलेश्वरचा डोंगर, डावीकडे ऊस. पुढं खुटबाव आणि मग केडगाव. गुऱ्हाळं चालू असली की काकवीचा वास डब्यात शिरतो आणि दौंडला निघालेली माणसंही क्षणभर बाहेर बघतात. हा हिरवा मुलूख कालव्याच्या पाण्यावर उभा आहे. सह्याद्री बहुतेक पाऊस पश्चिमेलाच उतरवून घेतो, इथवर फार थोडा पोचतो. म्हणून केडगावला उतरताना या उसाकडं डोळेझाक करायला हवी. सव्वाशे वर्षांपूर्वी इथं जे घडलं, ते कोरड्या माळावर घडलं.

पंडिता रमाबाईंनी १८९० च्या दशकाच्या मध्याला इथं शंभरेक एकर जमीन घेतली, ती फळबागेसाठी. बोस्टनमधल्या मंडळींनी त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाला दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं. ती मुदत १८९८ च्या सुमाराला संपणार होती आणि पुढचा खर्च बागेच्या उत्पन्नातून निघावा असा हिशेब होता. हिशेब शहाणपणाचाच होता. पण फळं धरायच्या आधी दुष्काळ आला.

रमाबाईंचं मुक्ती मिशन स्टेशनापासून जवळच आहे. मुलींचं आणि बायकांचं घर असल्यामुळं मी आधी फोन करून परवानगी घेतली होती. फाटकावर एका मावशींनी ‘सलाम ताई’ म्हणून स्वागत केलं आणि फोटो काढायचे नाहीत, एवढं प्रेमानं बजावलं. आत जुनी दगडी बांधकामं, मोठी झाडं, शाळेचा गलका, दवाखान्याकडं निघालेली गावातली माणसं. मावशी मला थेट देवळात घेऊन गेल्या. १८९९ मध्ये पायाभरणी झालेलं हे देऊळ इतकं ऐसपैस आहे की पुण्यातली मोठी ख्रिस्तमंदिरंही त्याच्यापुढं लहान वाटावीत. इथं उपासनेला जमिनीवर बसतात. मीही बसले. गार फरशी, उंच छत आणि समोर ख्रिस्ताच्या नावानं उभं राहिलेलं एवढं मोठं रिकामेपण. रमाबाईंची गोष्ट मला इथं बसूनच आठवायची होती, कारण ती सुरू होते तेव्हा त्यांच्याकडं बसायलाही जागा नव्हती.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला आणि ते रानात जाऊन राहिले. तिथं, पश्चिम घाटातल्या गंगामूळला, १८५८ मध्ये रमाबाई जन्मल्या. पुढं सगळं कुटुंब तीर्थाटन करत, पुराणं सांगत हिंडू लागलं. १८७० च्या दशकातल्या दक्षिणेतल्या दुष्काळानं त्यांना गाठलं, तेव्हा साठवलेले पैसे दानधर्मात संपले होते. मोलमजुरी करायची सवय नव्हती आणि भीक मागायची लाज होती. आधी वडील गेले. मग आई तापात पडली. तिला भाकरीचा तुकडा मिळावा म्हणून विशीही न गाठलेली ही मुलगी परक्या दारात उभी राहिली. आई गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला दोनच ब्राह्मण आले. तिसरा होता भाऊ, श्रीनिवास. चौथ्या रमाबाई. पण त्यांची उंची कमी पडत होती, म्हणून त्यांनी आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला आणि तसंच लांबचं स्मशान गाठलं. काही काळानं थोरली बहीणही गेली.

हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, आपल्या साक्षीच्या पुस्तकात. मी ते कितीदा वाचलंय, तरी डोक्यावरच्या त्या भारापाशी येऊन थांबते. पुढचं आयुष्य समजून घ्यायला मला यापेक्षा दुसरी जागा सापडत नाही.

पुढचं आपल्याकडं शाळेतही शिकवतात. बहीण-भाऊ हजारो मैल पायी चालले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं, तेही जात मोडून, नोंदणी पद्धतीनं. मनोरमा जन्मली. १८८२ मध्ये पटकीनं पती गेले. त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, मग इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात यावरून उठलेलं वादळ सर्वांना ठाऊक आहे. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती करतात, असा आरोप १८९३ मध्ये झाला तेव्हा ‘केसरी’नं झोड उठवली आणि रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तिकडं वाँटेजच्या मठातल्या भगिनींनाही ही बाई फार स्वतंत्र वाटत होती. चर्च सांगेल ते मुकाट्यानं मानायला त्या तयार नव्हत्या. दोन्हीकडची माणसं नाराज असताना विश्वास धरून राहणं काय असतं, ते आपल्या मराठी मंडळींनी रमाबाईंकडून शिकावं.

मला त्यांची एक कबुली फार मोलाची वाटते. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं पुस्तक वाचताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, ख्रिस्त अजून मिळायचाय. एवढ्या विदुषीनं हे उघड लिहावं! त्यानंतरच्या त्यांच्या प्रार्थनांचा सूरच वेगळा आहे. १८९६ मध्ये लोणावळ्याच्या शिबिरसभेत त्या पहाटे शारदा सदनातल्या १५ मुलींना घेऊन रानात प्रार्थनेला गेल्या. या १५ मुलींनी ख्रिस्त स्वीकारलेला होता. तिथं त्यांनी देवाजवळ मागितलं, या संख्येचा वर्ग कर. म्हणजे २२५. एवढ्यांना ठेवायला ना जागा होती ना पैसा.

त्याच वर्षअखेर मध्य प्रांतात दुष्काळ पसरल्याच्या बातम्या आल्या. रमाबाई निघाल्या. आपल्याकडं आता धैर्य नाही, पूर्वीचं सगळं पुन्हा डोळ्यांपुढं उभं राहतंय, हे त्यांनी लपवलं नाही. पण ज्या मुलीनं आईचा भार डोक्यावर वाहिला, तिला तिथल्या पोरींची हाडं अनोळखी नव्हती. अन्नछत्रांतून, रस्त्यांवरून, मुलींच्या व्यापाराला टपलेल्या माणसांच्या तावडीतून त्यांनी शेकडो मुली सोडवून आणल्या. त्यांतल्या तीनशेच्या आसपास त्यांच्याजवळ राहिल्या. लोणावळ्याला मागितलेला आकडा ओलांडला गेला, आणि ज्या रूपात तो आला ते रूप कुणीही मागितलं नसतं.

पुण्यात तेव्हा प्लेग होता. एवढ्या मुली शहरात ठेवायला मनाई झाली, म्हणून त्यांना या माळावर आणलं. गवताच्या झोपड्या, तंबू आणि नुकती लावलेली झाडं. मुक्तीची सुरुवात अशी झाली. त्याच दिवसांत, मे १८९७ मध्ये, ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये रमाबाईंचं पत्र छापून आलं. प्लेगच्या इस्पितळात नेलेल्या त्यांच्या एका मुलीची झालेली दुर्दशा सांगून त्यांनी सरकारी बंदोबस्तावर आणि गव्हर्नरवर सरळ टीका केली होती. मदतीसाठी ज्यांच्याकडं बघायचं त्याच गोऱ्या अधिकाऱ्यांना हे सुनावणं! देवावर भरवसा म्हणजे मुकाट सहन करणं, असं मंडळीत अजूनही पुष्कळदा शिकवलं जातं. मला ते कधीच पटलं नाही. हे पत्र वाचल्यापासून तर मुळीच नाही.

१८९९-१९०० मध्ये गुजरातेत छप्पनचा दुष्काळ पडला आणि तिथूनही मुली आल्या. मुक्तीतल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळ पोचली. केडगावातही तेव्हा पाण्याची टंचाई होती. मावशींनी मला विहिरीच्या बाजूला नेलं आणि इथं पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आठवण सांगितली. संध्याकाळपर्यंत विहिरी पार उपसल्या जायच्या, सगळ्या जणी प्रार्थनेला बसायच्या आणि सकाळी त्या दिवसापुरतं पाणी पुन्हा आलेलं असायचं. सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. गेल्या आठवड्यातला बाजार सांगावा तशा त्या सांगत होत्या. मी विश्वास ठेवला. एक गोष्ट मात्र डोळ्यांपुढून हलेना, की ते पाणी शेंदायला दोन हजार जणींतल्या कितीतरी जणी रोज पहाटे उठल्या असतील. हातमाग, तेलघाणा, शिवण, शेती, गोठा, छापखाना, असे उद्योग इथं चालत. ज्या समाजानं या बायकांना ओझं म्हटलं, त्याच बायका इथं कापड विणत होत्या. समाजानं टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होतं. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवायच्या. १९०५ च्या जूनमध्ये इथं आत्मिक जागृती झाली, बायकांच्या प्रार्थनांचा आवाज जगभर पोचला, त्यावर ग्रंथ लिहिले गेले. मला त्या पहाटेच्या रहाटांचा आवाज अधिक ऐकू येतो.

आणि सगळ्या वाचल्या नाहीत. दुष्काळातून आणलेल्या कित्येक मुली इतक्या खंगलेल्या होत्या की अन्न मिळूनही गेल्या. साक्ष देताना आपण हा भाग वगळतो. मी तो शोधत आले होते. माझ्या आईच्या आजाराला दुसरं वर्ष लागलंय. मंडळी प्रार्थना करते, पाळक घरी येऊन डोक्यावर हात ठेवतात, रिपोर्टातले आकडे मात्र वाढतच जातात. लोक मला ‘विश्वास कमी पडू देऊ नकोस’ म्हणतात. ते मायेनं म्हणतात, पण ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ असा लागतो की आई बरी होत नसेल तर उणीव माझ्यात आहे. अशा वेळी मला अशी ख्रिस्ती बाई हवी होती, जिनं मागितलेलं मिळालंही होतं आणि नव्हतंही.

दुपारी मावशींनी भाकरी, पिठलं वाढलं आणि रमाबाईंच्या बायबलाचं बोलणं काढलं. तेव्हाच्या भाषांतरातली संस्कृतप्रचुर मराठी गावाकडच्या बायकांना कळत नाही, म्हणून त्यांनी साधं भाषांतर करायला घेतलं. त्यासाठी उतारवयात इब्री आणि ग्रीक शिकल्या. दीडएक तप त्या या कामात होत्या. नवा करार १९१३ मध्ये छापून झाला, इथल्याच छापखान्यात, आणि खिळे जुळवणारे हात इथल्याच मुलींचे. ज्यांना दुष्काळापूर्वी अक्षर ठाऊक नव्हतं, त्या पोरींनी देवाचं वचन अक्षर अक्षर लावलं. भाषांतराच्या भाषेबद्दल जाणकारांचे मतभेद आहेत आणि ते असू देत. ज्यांच्यासाठी केलं, त्यांनाच त्याच्या छपाईत घेणं, हे मला त्या भाषांतराइतकंच मोठं वाटतं.

हे काम चालू असताना, १९२१ मध्ये, मनोरमा गेली. चाळिशीतली, आईच्या सगळ्या कामाची वारस. वडील, आई, बहीण, भाऊ, पती आणि आता मुलगी. रमाबाईंचा कान आधीच अधू झाला होता, प्रकृती ढासळलेली होती. दफनभूमीत मी बराच वेळ उभी राहिले. मुलीसाठी त्यांनी प्रार्थना केली नसेल? ज्या बाईनं पंधराचे दोनशे पंचवीस मागितले, तिनं एकुलत्या एका मुलीचं आयुष्य मागितलं नसेल? मागितलं असणारच. विहिरीला पाणी देणाऱ्या देवानं इथं दिलं नाही, आणि त्याचं कारण या बाईंनी कुठं शोधून मांडलेलं माझ्या वाचनात नाही. त्या परत मुद्रितांपाशी गेल्या. जुन्या कराराचं काम उरलं होतं. मुक्तीत सांगतात की तपासायचं काम संपवायला त्यांनी देवाजवळ थोडे दिवस मागून घेतले आणि ते संपल्यावरच डोळे मिटले. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

त्या मुद्रितांपाशी परत जाण्यात मला जे दिसलं, ते घेऊन मी देवळात आले. देव जवळ असल्याची खूण म्हणून आपण संकट टळणं धरतो. रमाबाईंकडं संकट टळण्याचे प्रसंग थोडे आहेत आणि संकटात हात चालू राहिल्याचे पुष्कळ. विशीच्या आत स्मशानाच्या वाटेवर जो भार एकटीनं डोक्यावर घेतला, तसलाच भार साठी ओलांडल्यावर पुन्हा आला तेव्हा त्या एकट्या नव्हत्या, असं त्यांचं शेवटचं काम मला सांगतं. सामर्थ्य मी दुसरीकडं शोधत होते.

चारच्या सुमाराला काही बायका प्रार्थनेला जमल्या. पेटी आली, तबला आला. भजन झालं, एक शास्त्रभाग वाचला गेला. मग एका आजींनी, ज्या लहानपणापासून इथंच वाढल्या आहेत, मला विचारलं, “ताई, तुमचा प्रार्थनेचा विषय काय?”

मी आईचं सांगितलं. आजार, औषधं, पुढच्या आठवड्यातली तपासणी. आजींनी मध्येच थांबवलं.

“आणि तुमचं?”

“माझं कशाला, आजी? आजारी ती आहे.”

“तिची सेवा कोण करतंय?”

मला बोलता येईना. आजींनी प्रार्थनेला सुरुवात केली. आधी आईसाठी, बरं करण्याचं सामर्थ्य तुझ्यात आहे, तर कर, असं अगदी स्पष्ट मागितलं. मग माझ्यासाठी त्यांनी रात्रीची झोप मागितली, डॉक्टरांशी बोलताना न घाबरण्याचं बळ मागितलं आणि भावंडांनी पाळी वाटून घ्यावी, हेही मागितलं. आमेन झाल्यावर त्यांनी मला भावाचा फोन नंबर लावायला सांगितला, तिथल्या तिथं.