पुरवणी

परीक्षा सुरू होऊन तासभर होतो न होतो तोच मागच्या बाकावरून आवाज येतो, 'सर, पुरवणी!' मग एकेक हात वर होऊ लागतो. कोरे कागद आणि पांढरे दोरे वाटत मी वर्गातून फिरतो. विद्यार्थी होतो तेव्हा पहिली पुरवणी मागण्याचा मान मी कुणाला देत नसे. ज्याच्याजवळ लिहायला जास्त, त्याला जास्त कळलं, असा माझा सरळ हिशेब होता. गडहिंग्लजच्या पूर्वेकडच्या एका खेड्यात, वाळलेल्या मिरचीच्या ढिगापाशी, तो चुकला.

राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर होतं. 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ही योजना देशातल्या 37 विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि एक निवासी शिबिर, असा तिचा नेम. शाळेच्या व्हरांड्यात वळकट्या टाकून आम्ही झोपायचो. पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी घरोघरी सर्वेक्षण.

आंबोलीच्या डोंगरात उगम पावलेली हिरण्यकेशी आजऱ्याहून गडहिंग्लजला येते आणि पुढं संकेश्वराकडं, कर्नाटकात उतरते. इथली बोलीही तिच्यासारखीच हद्द ओलांडून वाहते. पूर्वेच्या गावांत चुलीपाशी कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्ही. बायासुद्धा 'मी आलो', 'मी गेलो' असंच म्हणतात. मी कोल्हापूर शहरातून आलेला; पहिले दोन दिवस मला निम्मंच समजायचं. तरी हातातला छापील तक्ता भराभर भरत होता.

तिसऱ्या दुपारी एका सोप्यात आज्जी बसलेली दिसली. पुढ्यात जवारी मिरचीचा लालभडक ढीग. मी उंबऱ्याशी टेकलो आणि विचारलं, "आज्जी, काय काम करता?"

"आता कसलं काम? घरातच असतो की."

'व्यवसाय' या रकान्यात मी लिहिलं, 'काही नाही'.

"काय लिवलास? वाच बघू."

मी वाचून दाखवलं. देठ खुडणारे तिचे हात थांबले. "मग ह्या मिरच्या कुणी केल्या?"

आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो प्रश्न जास्त लागला. तिनं सूप माझ्याकडं सरकवलं. "कागद ऱ्हाऊ दे बाजूला. देठ खुडू लाग. मग बोलू."

ठसक्यानं डोळे भरून आले. बोटांची आग होऊ लागली. पण दोन तास आज्जी बोलत होती. बियाणासाठी कोणत्या झाडाची मिरची राखायची, ती घरात कुठं टांगायची, अवकाळी पाऊस आला की वाळवणाचं कसं मातेरं होतं. एक मिरची तिनं माझ्या कानाशी धरून हलवली. आत बी खुळखुळलं. "वाजली की वाळली." गडहिंग्लजच्या बाजारात ज्या मिरचीला नाव आहे, तिच्यामागं असे कितीतरी कान असतील. निघताना तिनं माझ्या बोटांना गोडेतेल चोळलं. रात्रभर हात जळत होता आणि त्या दोन शब्दांची लाज वाटत होती.

सकाळच्या कामातही तेच घडलं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. ओढा जिथं अरुंद, तिथं पोती कमी लागतील, हे आमचं गणित. एक म्हातारे शेतकरी रोज काठावर येऊन बसत. अखेर आमच्यातल्या एका मुलीनं त्यांना विचारलं, "आजोबा, जागा बरोबर आहे ना?" ते म्हणाले, "खाली मुरूम हाय बाळ. पाणी ठरायचं न्हाई. वर खडक लागतोय, तिथं घाला." अर्ध्या दिवसाची पोती उचलून आम्ही वर नेली. दुसऱ्या दिवशी पहाटे धुक्यात जाऊन बघतो तर पाणी गुडघाभर चढलेलं. आजोबा दोन दिवस तिथंच बसून होते. विचारायचं तेवढं राहिलं होतं.

रकान्याची धार किती खोल जाते, हे गडहिंग्लजनं फार आधी पाहिलं आहे. 1975 साली तिथं देवदासींची परिषद भरली; डॉ. बाबा आढाव आणि प्रा. विठ्ठल बन्ने देवदासींच्या चळवळीत होते. यल्लम्माला सोडलेल्या बाईचं लेकरू शाळेत घालायचं म्हटलं की 'वडिलांचे नाव' हा रकाना वाटेत उभा राहायचा. दोन शब्दांची ती कोरी जागा एखाद्या पोराची सारी शाळा गिळू शकत होती. ती दिसायला एका प्राध्यापकाला वर्गाबाहेर पडून त्या बायांच्या दारात जावं लागलं.

आता मी स्वतः मुलांना घेऊन गावात जातो. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रप्रकल्पाला आणि समुदाय सहभागाला श्रेयांक मिळाले, याचा मला मनापासून आनंद आहे. पुस्तकाइतकाच सोप्यालाही मान मिळाला. तासांची नोंद मी चोख ठेवतो. पण मुलांना श्रेयांकापलीकडं जे मिळतं, ते मला त्यांच्या चालीत दिसतं. पहिल्या दिवशी ती दारात उभी राहून विचारतात. चौथ्या दिवशी आत जाऊन बसतात, कुणी शेंगा फोडू लागतं, कुणी पोराचा अभ्यास घेतं. आपल्या अज्ञानाची भीती ओसरली की माणूस नीट विचारू लागतो. विसाव्या वर्षी ते जमलं, तर पुढं कचेरीत, दवाखान्यात, न्यायालयात, कुठंही बसला तरी तो समोरच्याचं म्हणणं पुरतं ऐकून घेईल.

यंदाच्या शिबिरात एक मुलगी संध्याकाळी उशिरा परतली. बोटं लाल, डोळे लाल. तक्ता तिनं माझ्यापुढं धरला. 'व्यवसाय' या रकान्यात बारीक अक्षरं कडेपर्यंत गेली होती, समासात शिरली होती, उलटून पाठीवर उतरली होती.

"सर," ती म्हणाली, "इथं जागा पुरेना. पुरवणी मिळेल?"