बारा बदकं

रात्री साडेअकराला कुणी बासमती शिजवत नाही. निदान आमच्या इमारतीत तरी नाही. दहाच्या ठोक्याला सगळ्यांची भांडी घासून पालथी पडलेली असतात. तरी गेल्या महिन्यात लागोपाठ तीन रात्री स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताज्या भाताचा वास आला. पहिल्या रात्री मी खालच्या बिऱ्हाडावर संशय घेतला. दुसऱ्या रात्री त्यांच्या बाल्कनीतल्या कुंडीवर. भातात घालायची ती लांब हिरवी पानं त्यांनी लावली आहेत. तिसऱ्या रात्री वॉचमनने बॅटरी मारली, तर सांडपाण्याच्या पाइपावरून एक लांब शेपूट सावकाश गच्चीकडे चाललेलं.

"उदमांजर आहे. त्याचाच वास तो," वॉचमन म्हणाला आणि खुर्चीत जाऊन बसला. माझी मात्र झोप गेली. भात नसताना हा वास मी याआधी एकदाच घेतला होता, 1978 च्या ऑक्टोबरात, बहुधा याच जागेवर. तेव्हा इथे इमारत नव्हती. केळीची वाडी होती आणि वाडीत बावखल होतं. वसईबाहेरच्यांना एवढंच सांगतो की बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. आमच्या बावखलावर आता गाड्या उभ्या राहतात.

त्या बावखलात आजोबांची बारा बदकं होती. नाताळला बदक लागतं, म्हणून पाळलेली. म्हणजे कोल्ह्याने खाऊ नयेत, आम्ही खावीत, एवढाच त्या राखणीचा अर्थ. पण आजोबा ती राखण करायचे मात्र एखाद्या व्रतासारखी.

कोंबडी याबाबतीत शहाणी. दिवस कलला की आपणहून खुराड्यात शिरते आणि उंचावर बसते. बदकाला उंची नको आणि रात्रीचं भयही नाही. त्याला कातरवेळी नीट दिसतं, आणि पाण्यात किडे वर यायला लागतात ते नेमके तेव्हाच. त्यामुळे बदकं रोज हाकून आणावी लागतात. चर्चची सातची घंटा झाली की आजी थाळीत कण्या वाजवायची, मी काठी घेऊन मागून हाकायचो, आजोबा दाराशी उभे. रांग आत गेली की त्यांचा एकच प्रश्न, "किती?"

त्या संध्याकाळी अकरा होती. बारावं, त्या साली वाढवलेलं अर्धवट पिल्लू, पलीकडच्या काठावर केळीखाली होतं. मला दिसत होतं. पण पलीकडे जायचं तर बावखलाला वळसा घालायचा, आणि त्या वाटेवर चिंच होती. नऊ वर्षांच्या पोराला चिंचेबद्दल काय काय माहीत असतं ते सांगायला नको.

"बारा," मी म्हणालो.

आजोबांनी कडी लावली.

सकाळी धुण्याच्या दगडापाशी पिसं होती आणि भाताचा वास. आजी म्हणाली, कुणीतरी पेज सांडली.

इथे मध्येच एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी वाघाच्या वासाचा आयुष्यभर पिच्छा पुरवला. वाघ झाडांवर जी फवारणी करून हद्द आखतो, तिच्यात सुवासिक तांदळात असतो तोच रेणू आहे, असं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली 'नेचर'मध्ये लिहिलं. 2-असेटिल-1-पायरोलिन. पुढे 2016 मध्ये उदमांजराचा ईशान्येकडचा भाऊबंद बिंटुरोंग, त्याच्या मुतातही हाच सापडला. हे मी गेल्या महिन्यात वाचलं. सत्तेचाळीस वर्षं उशिरा.

कारण आजोबांचा हिशेब वेगळाच झाला होता. कडी लावताना बारा, सकाळी कडी जशीच्या तशी आणि आत अकरा. म्हणजे चोर खुराड्यात शिरला, बदक घेऊन गेला आणि बाहेर जाऊन खाल्लं. मग शिरला कुठून? त्यांनी दोन दिवस भोक शोधलं. सापडलं नाही तेव्हा जाळीला दोषी ठरवलं.

जाळीवर माझाही राग आहे, तो मी अजून सोडलेला नाही. ती षटकोनी भोकांची बारीक तार, जिला दुकानदार कोंबडीजाळी म्हणतात. ती कोंबडी आत ठेवते, बस्स. बाहेरच्याला अडवणं तिच्या बापाला जमणार नाही. कोल्ह्याच्या दातांपुढे ती टिकत नाही, आणि भोकातून पंजा घालून जाळीला टेकून झोपलेल्या पाखराची मान ओढता येते. अर्ध्या इंचाची वेल्डमेश लागते, तीही खिळ्यांनी नव्हे, पट्टी मारून बसवलेली. त्या वेळी तिने काहीही केलेलं नव्हतं, हे कबूल. तरी राग आहे.

आजोबांनी अख्खं खुराडं नव्याने बांधलं. आमची जमीन रेताड, उकरायला सोपी. म्हणून त्यांनी जाळी भिंतीलगत खाली न पुरता बाहेरच्या अंगाला हातभर आडवी पसरली आणि वर माती ओढली. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी बुडाशीच सुरुवात करतं आणि जाळीवरच उभं असतं. चार पावलं मागे जाऊन उकरावं, हे त्याला सुचत नाही. कडीला कडीत अडकणारा आकडा केला, कारण नुसती आडवी खिटी नाकाने सरकवता येते. मी खिळे धरत होतो. रोज वाटायचं, आज सांगू. जाळीचा एकेक हात पुढे गेला तसं सांगणं महाग होत गेलं.

शिवाय पिंजरा लावला, आत अंडं ठेवून. चौथ्या दिवशी मुंगूस सापडलं. कामावरच्या माणसाने ते गोणपाटात घातलं आणि तो खाडीकडे गेला. गोणपाट रिकामं आलं.

मुंगूस दिवसाचं जनावर. रात्री ते आपल्या बिळात झोपलेलं असतं. पंचतंत्राच्या शेवटच्या तंत्रात ब्राह्मणी पाण्याची घागर मुंगसावर टाकते, ती गोष्ट बाईंनी आम्हांला वर्गात सांगितली होती. ब्राह्मणीने निदान त्याच्या तोंडाला लागलेलं रक्त पाहिलं होतं. त्या गोष्टीतलं मूल पाळण्यात झोपलेलं असतं. आमच्या गोष्टीतलं बोलत होतं.

आजोबा म्हणायचे, काठावरचं बदक झोपत नाही. आम्ही हसायचो. 1999 साली अमेरिकेतल्या इंडियाना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी चार-चार बदकं ओळीने झोपवून पाहिली. मधली दोन्ही डोळे मिटतात. टोकाची बदकं मेंदूचा अर्धा भाग जागा ठेवतात आणि एक डोळा उघडा. तोही कळपाकडचा नव्हे, बाहेरच्या बाजूचा. आजोबांनी हे कंदिलाच्या उजेडात पाहिलं होतं. स्वतःही ते ओट्यावर टोकालाच झोपायचे.

बदकं गेली, नंतर आजोबा, मग वाडी. आता राखायला काही नाही म्हणावं, तर 2024 साली वसईच्या किल्ल्यात बिबट्या आला आणि जवळपास महिनाभराने पिंजऱ्यात सापडला. त्या महिन्यात आई गॅलरीचं दार दोनदा तपासायची. आई एक्याऐंशीची आहे, त्या खुराड्याची कडी पुढे वीस वर्षं तिच्याच हातात होती. आता ती दाराशी चपला मोजते. सुनेच्या, माझ्या, नातवाच्या. रोज, झोपण्याआधी, भिंतीला धरून येते. हल्ली तिला नीट दिसत नाही, म्हणून मला विचारते.

त्या तिसऱ्या रात्री मी खिडकी लावून वळलो तर ती चपलांपाशी उभी होती.

"आले का सगळे?"

"आले," मी म्हणालो. "झोप तू."

तिने आतून कडी घातली. मुलगा तेव्हा शेवटच्या विरार लोकलमध्ये होता, बोरिवलीच्याही अलीकडे.