मग रक्त दिलं कुणी?



दरवर्षी २३ जानेवारीला आपण नेताजींची जयंती साजरी करतो. फोटोला हार, दोन भाषणं, एक घोषणा. गेल्या वर्षी माझ्या पाचवीच्या वर्गातही तेच झालं. एका मुलाने रक्त मागणारी ती प्रसिद्ध घोषणा खणखणीत आवाजात म्हटली, टाळ्या पडल्या. आणि मागच्या रांगेतून एकाने विचारलं, "बाई, मग रक्त दिलं कुणी?"

खरं सांगते, मला नीट उत्तर देता आलं नाही. "आझाद हिंद सेनेनं," एवढंच म्हणाले. पण सेना म्हणजे कोण? कुठली माणसं? ती जमली कशी? त्या दिवशी घरी जाऊन वाचत बसले. जे हाती लागलं ते तुम्हालाही सांगते, वर्गात उपयोगी पडेल.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडलं. इंग्रज फौज जपानला शरण गेली. दोनच दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर चाळीस हजारांहून अधिक हिंदी सैनिकांना जमवून जपान्यांच्या ताब्यात देण्यात आलं. तिथेच कॅप्टन मोहन सिंग यांनी स्वातंत्र्यासाठी सेनेत येण्याचं आवाहन केलं. कल्पना करा, कालपर्यंत ज्या राजाच्या निष्ठेची शपथ वाहिली, आज त्याच्याच विरुद्ध बंदूक धरायची! हजारो जण पुढे आले. हजारोंनी शपथ मोडायला नकार देऊन कैद पत्करली. मुलांना हे दोन्ही सांगायला हवं. पुढे जपान्यांशी मतभेद झाले आणि त्याच वर्षअखेर ही पहिली सेना मोडली.

जुलै १९४३ मध्ये नेताजी सिंगापूरला आले. ९ जुलैच्या मोठ्या सभेत त्यांनी तीन लाख सैनिक आणि तीन कोटी डॉलर मागितले. युद्धकैद्यांमधून एवढे सैनिक मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून हाक गेली ती मलाया, सिंगापूर, ब्रह्मदेशातल्या साध्या हिंदी माणसांना. दुकानदार, कारकून, व्यापारी आणि रबराच्या मळ्यांवरचे मजूर. बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. सिंगापुरात दवाखाना चालवणाऱ्या डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन यांच्या नेतृत्वाखाली झाशीची राणी रेजिमेंट उभी राहिली. तिच्यातल्या कितीतरी मुली मळ्यांवरच्या तमिळ मजुरांच्या घरच्या होत्या. हिंदुस्थान त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. तीन लाखांचा आकडा काही गाठला गेला नाही. सेना चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या आसपास राहिली. पण त्यात हजारो जण असे होते, ज्यांनी आधी कधी बंदूक हातात धरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हे सगळं वर्गात सांगितलं. आमच्या भागात साखर कारखाना आहे. हंगामात बीडकडच्या टोळ्या येतात आणि त्यांची मुलं शिक्षण हमी कार्ड घेऊन आमच्या वर्गात बसतात. त्यातली एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, उभी राहिली.

"बाई, आमच्याकडं मुकादम उचल देतो, मंग टोळी निघती. नेताजीनं किती उचल दिली?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. कारण त्या मळ्यांवरची माणसंही तशीच आलेली होती. तिथे मुकादमाला 'कंगाणी' म्हणत. तो तमिळ मुलखातल्या आपल्याच गावात जायचा, उचल द्यायचा आणि माणसं बोटीत घालून मलायाला न्यायचा. तिच्या प्रश्नात मला माझ्या पुस्तकांपेक्षा जास्त इतिहास दिसला.

मी म्हणाले, "उचल नाही दिली गं. उलट मागितलं." मग मलाच वाटलं, एवढं सांगून भागणार नाही. जपानी अमलात तांदूळ मिळेनासा झाला होता. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर मळ्यांवरची माणसं नेली जात होती आणि तिथे ती हजारोंनी मरत होती. त्यामुळे सेनेची छावणी म्हणजे काहींसाठी दोन वेळचं जेवण आणि सुरक्षितताही होती. हेही मी सांगितलं. देशप्रेमही होतं, भूकही होती. एकाच माणसात दोन्ही असू शकतात, हे मुलांना कळतं. आपल्यालाच उगाच वाटतं की कळणार नाही.

पण छावणीत त्यांना आणखी एक गोष्ट मिळाली. मळ्यावर ज्याला 'कुली' म्हणून हाक मारत, त्याला इथे 'जय हिंद' म्हणत. हिंदू, मुसलमान, शीख एका पंगतीला जेवत. ते ऐकून ती मुलगी खाली बसली, पण थोड्या वेळाने पुन्हा हात वर. "त्यातले माघारी किती आले?"

१९४४ साली इंफाळच्या मोहिमेत पराभव झाला. भर पावसात माघार घेताना गोळीपेक्षा भूक, मलेरिया आणि हगवणीनेच अनेकांचा जीव गेला. युद्धानंतर लाल किल्ल्यावर खटला चालला. शाहनवाज खान, सहगल, धिल्लन ही नावं आपल्याला माहीत असतात. मळ्यावरून आलेल्या बहुतेकांची नावं मात्र कुणाच्या तोंडी नाहीत. सगळा वर्ग गप्प होता. पहिला प्रश्न विचारणाऱ्या मुलाला त्याचं उत्तर मिळालं होतं.

एक गोष्ट मात्र आपल्या शिक्षकांसाठी. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले या सेनेत वरिष्ठ अधिकारी होते. स्वातंत्र्यानंतर केंद्रात पुनर्वसन खात्याचं काम पाहताना त्यांनी १९५४ मध्ये दिल्लीत, निर्वासितांच्या मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. रणांगणावरून आलेला माणूस शेवटी शाळेच्या मैदानावर आला, हे मला फार आवडलं.

मार्चमध्ये हंगाम संपला आणि ती मुलगी टोळीबरोबर गावी गेली. तिच्या कार्डावर मी हजेरी लिहून दिली. तिने विचारलेले प्रश्न लिहायला त्यात रकाना नव्हता, म्हणून ते माझ्या टाचणवहीत उतरवून ठेवले आहेत.

येत्या २३ जानेवारीला घोषणा जरूर द्या. पण त्यानंतर मुलांना एवढंच विचारा, की हाक आल्यावर कोण गेलं असेल, कोण नसेल गेलं आणि का? पालकांनी घरीही विचारावं. उत्तरं ऐकायला मात्र वेळ काढून बसा.