डॉस गेलं, पाटी राहिली

विम वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याची हेल्प पानामागून पान वाचली असेल? फारच थोड्यांनी. आपण अडलो की तिथे जातो, हवं ते उचलतो आणि परत येतो. पण एखाद्या निवांत शनिवारी ती नुसतीच चाळून बघा. त्यात काही फायली अशा सापडतील की ज्यांत जवळजवळ काहीच नाही. एमएस-डॉसची फाईल उघडा. इथे पूर्वी विमच्या डॉस आवृत्तीची माहिती होती, ७.४.१३९९ या पॅचमध्ये डॉसचा सपोर्ट काढला, हवाच असेल तर त्याआधीची आवृत्ती मिळवा, एवढंच काय ते तिथे कळतं. संपलं! ओएस/२ च्या आणि बीओएसच्या फाईलची तीच कथा.

साहजिकच वाटतं की मग फाईल ठेवलीच कशाला? उडवून टाकायची ना! मला मात्र जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमला निरोप द्यायची याहून चांगली रीत अजून दिसलेली नाही. का, ते सांगतो.

आधी थोडा इतिहास. ब्राम मोलेनार या डच माणसाने विम लिहायला घेतला तो अमिगा नावाच्या कॉम्प्युटरवर. पहिली जाहीर आवृत्ती आली १९९१ साली. पुढे युनिक्स, डॉस, ओएस/२, अटारी, जिथे कुणी हौशी माणूस भेटला तिथे विम पोचला. प्रत्येक ठिकाणाबरोबर कोडमध्ये ‘इफडेफ’चे तुकडे वाढले आणि हेल्पमध्ये ‘डॉसवर असं, अमिगावर तसं’ अशा ओळी वाढल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये ८.० आवृत्ती आली तेव्हा डॉस, १६ बिट विंडोज आणि ओएस/२ यांना रजा मिळाली होती. कारणही सरळ दिलं होतं. डॉसचा भाग बरेच दिवस चालतच नव्हता, आणि तो काढल्याने कोड बराच स्वच्छ होणार होता.

कोड साफ करणं तसं सोपं. मेलेला भाग काढला आणि काही मोडलं तर कंपायलर लगेच बोंब मारतो. डॉक्युमेंटेशनला कंपायलर नसतो हो! खोटी झालेली ओळ तिथे वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने राहते. कुणाला टोचत नाही, कारण जुनेजाणते ती वाचतच नाहीत. वाचतो कोण? नवखा. आणि तो छापलेल्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवतो.

हे मी जवळून बघितलंय. २०१५ साली आम्ही इंजिनिअरिंगला होतो. प्रॅक्टिकलला टर्बो सी, म्हणजे तीच ती निळी स्क्रीन. लॅबमध्ये एक झेरॉक्स मिळायची, ‘लागणारं साहित्य’ या मथळ्याखाली विंडोज ९८ आणि एक फ्लॉपी! आम्ही शहरातली पोरं हसलो आणि सीनिअरकडून डॉसबॉक्स घेऊन मोकळे झालो. माझा रूममेट तालुक्याच्या गावाहून आलेला, मराठी माध्यमातला. वडिलांनी पैसे जमवून त्याला सेकंडहँड पीसी घेऊन दिला होता. त्यावर ६४ बिट विंडोज ७. त्यावर १६ बिटचा टर्बो सी चालणारच नाही, पण हे त्याला कोण सांगणार? कागदावर विंडोज ९८ लिहिलंय, आपल्याकडे ते नाही, म्हणजे आपलं मशीनच चुकीचं, असा त्याने हिशेब लावला. दोन आठवडे तो कुणाला काही बोलला नाही. वडिलांचे पैसे वाया गेले असं वाटून गप्प गप्प असायचा. शेवटी एका रात्री विषय निघाला आणि दहा मिनिटांत काम झालं. ती झेरॉक्स मात्र पुढच्या बॅचलाही तशीच मिळाली.

म्हणून कुणी ‘राहू दे की, दोन जुन्या ओळींनी काय बिघडतं’ असं म्हटलं की मला तो आठवतो.

बरं, मग ‘डॉस’ शब्द शोधा आणि सगळीकडून पुसून टाका, असंही करून चालत नाही. विममध्ये ‘फाईलफॉरमॅट’ नावाचा पर्याय आहे. त्याच्या किमती तीन : डॉस, युनिक्स आणि मॅक. हा ‘डॉस’ जिवंत आहे! ओळीच्या शेवटी दोन अक्षरं, कॅरेज रिटर्न आणि लाइनफीड, टाकायची पद्धत विंडोजवरच्या फायलींमध्ये आजही भेटते. यातला ‘मॅक’ म्हणजे आजचा मॅक नव्हेच, २००१ मध्ये ओएस टेन येण्यापूर्वीचा. तो नुसता कॅरेज रिटर्न टाकायचा. सिस्टीम जाते, तिच्यात लिहिलेल्या फायली मागे राहतात, आणि त्या उघडणाऱ्याला हा शब्द लागतो.

तेव्हा साफसफाईला बसलात तर तीन ढीग करा. ‘अमुक सिस्टीमवर हे चालतं’ असं खोटं आश्वासन देणारी ओळ सरळ काढा. एखादी गोष्ट अशी विचित्र का आहे हे सांगणारी ओळ ठेवा, फक्त भूतकाळात लिहा. आणि जुन्या फायली वाचायला लागणारी ओळ असेल तर तिला हात लावू नका. मग जिथून काढलंत तिथे छोटीशी पाटी लावा : काय काढलं, कुठल्या आवृत्तीत काढलं, आणि ज्याला अजून गरज आहे त्याने कुठे जावं. दुकान हलवलं की जुन्या शटरवर नवा पत्ता लिहितात ना, तसंच. आमच्या झेरॉक्सवर असल्या दोन ओळी असत्या तर एका मुलाचे दोन आठवडे वाचले असते.

राहता राहिला अमिगा. कमोडोर ही ते बनवणारी कंपनी १९९४ मध्येच बुडाली. ब्राम मोलेनार ३ ऑगस्ट २०२३ रोजी गेले. विमच्या हेल्पमध्ये अमिगाची फाईल मात्र अजून आहे. त्या मशीनचे काही चाहते आजही आहेत म्हणा. पण उद्या तेही उरले नाहीत आणि ती फाईल रिकामी करायची वेळ आली, तर माझी काही तक्रार नसेल. विमचा जन्म इथे झाला एवढी एक ओळ तेवढी जास्तीची लिहावी.

असो. तुमच्या प्रोजेक्टच्या ‘रीडमी’त सिस्टीम रिक्वायरमेंट्स शेवटच्या कधी तपासल्या होत्या? सोमवारी एकदा उघडून बघा.