सुटीच्या दिवशीचा सरकारी नोकर

शासकीय सेवेत येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच मूलभूत नियमांचे पुस्तक पडते. १ जानेवारी १९२२ पासून अंमलात असलेल्या या नियमांतला अकरावा नियम अगदी छोटा आहे. त्याचा आशय असा, की वेगळी स्पष्ट तरतूद नसेल तर शासकीय सेवकाचा संपूर्ण वेळ त्याला वेतन देणाऱ्या सरकारच्या स्वाधीन असतो. संपूर्ण म्हणजे त्यात रविवार आला, दिवाळी आली आणि रात्रीचे दोनही आले. पूर आला, दंगल झाली किंवा निवडणूक लागली तर कोणालाही केव्हाही कामावर बोलावता यावे, एवढाच या नियमाचा सरळ अर्थ आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु माझ्या आजवरच्या नोकरीत हा नियम कामावर बोलावण्यासाठी जितका वापरलेला पाहिला, त्याहून अधिक तो गप्प बसवण्यासाठी वापरलेला पाहिला. ‘सरकारी नोकर चोवीस तास ड्यूटीवर असतो’ हे वाक्य आपणही ऐकले असेल. वेळ सरकारच्या स्वाधीन आहे हे मान्य केले, तरी त्या वेळात मनात येणारे मतही सरकारच्याच स्वाधीन आहे काय?

गेली काही वर्षे मी नोकरीनिमित्त कोलकात्यात, डमडमला राहतो. (बंगाली मंडळी ‘दमदम’ म्हणतात. आपण इंग्रजी स्पेलिंगच्या आधाराने ‘डमडम’ केले. जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवर हे नाव वाचलेले मराठी वाचक अजून असतील.) डमडमहून मेट्रोने निघालो की पुढचे स्थानक बेलगाछिया आणि त्यानंतरचे श्यामबाजार. या दोहोंच्या मध्ये आर. जी. कर हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. ९ ऑगस्ट २०२४ रोजी तेथे कामावर असलेल्या एका तरुण डॉक्टर महिलेवर अत्याचार होऊन तिची हत्या झाल्याचे उघडकीस आले आणि १४ ऑगस्टच्या मध्यरात्री शहरभर हजारो स्त्रिया व पुरुष रस्त्यावर उतरले.

त्या संध्याकाळी आमच्याच इमारतीत राहणारा भंडाऱ्याकडचा एक तरुण सहकारी माझ्याकडे आला. तो केंद्र सरकारच्या दुसऱ्या खात्यात आहे. म्हणाला, “सर, आज रात्री बायको आणि मी मोर्च्याला जातोय. उद्या ऑफिसात काही निघेल का?”

मी त्याला केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ काढून दाखवले. नियम ७ निदर्शनांबद्दल आहे. त्यात सरसकट बंदी नाही. देशाचे सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी अशा ठरावीक गोष्टींना बाधा आणणारी निदर्शनेच तेवढी वर्ज्य आहेत. शांततेच्या मोर्च्यात चालणे यांपैकी कशातच बसत नाही. त्यानंतर नियम ९. केंद्र किंवा कोणत्याही राज्य सरकारच्या चालू अथवा अलीकडच्या धोरणावर वा कृतीवर ज्याचा ‘परिणाम’ प्रतिकूल टीका असा होईल, असे तथ्याचे किंवा मताचे कोणतेही विधान सेवकाने करायचे नाही. आकाशवाणीवर नाही, वृत्तपत्रात नाही, जाहीर बोलण्यात नाही, स्वतःच्या नावाने नाही, टोपणनावाने नाही आणि निनावीही नाही. याच नियमानुसार केंद्र व राज्य यांच्या संबंधांत अवघडलेपणा आणू शकेल असे विधानही चालत नाही. केंद्राच्या नोकराने बंगालमध्ये राहून बंगाल सरकारच्या रुग्णालयाबद्दल बोलणे यात चांगलेच सापडते.

“म्हणजे मोर्च्यात चालायचं, पण घरी येऊन फेसबुकवर लिहायचं नाही?”

“चालायला हरकत नाही. हातात फलक दिला तर त्यावर काय लिहिले आहे ते आधी वाचून घ्या,” मी म्हणालो. तो हसला. मी मात्र हे विनोदाने म्हटले नव्हते.

एकाच नियमावलीतील दोन नियमांत एवढा फरक कसा पडला, याचा इतिहास मराठी वाचकांना जवळचा वाटेल. जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप झाला. त्यानंतर मुंबईच्या लेखापरीक्षण खात्यातील एका कर्मचारी संघटनेच्या चिटणिसावर कारवाई सुरू झाली. आरोप दोन होते : संपाच्या तयारीत व निदर्शनांत भाग घेतला, आणि मान्यता काढून घेतलेल्या संघटनेचे सभासदत्व सोडले नाही. प्रकरण महालेखापालांकडून मुंबई उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘ओ. के. घोष विरुद्ध ई. एक्स. जोसेफ’ या नावाने ते प्रसिद्ध आहे आणि ऑक्टोबर १९६२ मधील त्याचा निकाल लिहिला तो आपल्या साताऱ्याच्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. अमान्य संघटनेचे सभासदत्व हा अपराध ठरवणारा नियम त्यांनी पूर्णपणे रद्द ठरवला. निदर्शनांवरची बंदीही रद्द झाली, संपावरची तेवढी टिकली.

या निकालाचा पाया त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य’ या खटल्यात घातला गेला होता. माणूस सरकारी नोकरीत शिरला म्हणजे त्याने मूलभूत हक्कांवर पाणी सोडले, हे म्हणणे न्यायालयाने तेथे फेटाळले. त्यामागचा तर्क मला फार आवडतो. सैन्यदले आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दले यांचे हक्क मर्यादित करण्याची मुभा संविधानाने कलम ३३ मध्ये संसदेला मुद्दाम दिली. ज्यांचे हक्क आवळायचे त्यांची नावे जर संविधानाने घेतली आहेत, तर ज्यांची नावे घेतलेली नाहीत अशा कारकून, शिक्षक, लेखापालांचे हक्क शाबूत आहेत, असा त्याचा अर्थ होतो.

या दोन निकालांनंतर १९६४ साली जी नवी नियमावली आली तिच्यात निदर्शनांचा नियम संविधानाच्या कलम १९(२) च्या शब्दांत, मोजून मापून लिहिला गेला. टीकेच्या नियमाला कोणी हात लावला नाही, कारण त्याच्यावर खटला झालेला नव्हता. पायांना स्वातंत्र्य मिळाले आणि लेखणी आहे तिथेच राहिली! कर्मचारी संघटनेच्या पदाधिकाऱ्याने सेवाशर्तींच्या रक्षणासाठी केलेल्या प्रामाणिक निवेदनाला सूट आहे, एवढीच एक फट.

इंग्रजांच्या काळीही हा प्रश्न होताच. सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने शतपत्रे लिहिली. आजच्या नियमातील ‘टोपणनावाने’ हा शब्द वाचला की मला लोकहितवादींची आठवण येते. ती खिडकी आता बंद आहे. इकडे बंगालमध्ये बंकिमचंद्र चट्टोपाध्याय डेप्युटी मॅजिस्ट्रेट असताना १८८२ साली त्यांचे ‘आनंदमठ’ पुस्तकरूपाने निघाले. न्यायमूर्ती रानडे यांनी तर नोकरीत राहून सार्वजनिक कामाचा डोंगर उपसला, पण त्याची किंमतही मोजली. १८७८ साली त्यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत त्यांना धुळ्याला धाडण्यात आले आणि तेथे त्यांची पत्रे फोडून पाहिली जात. रमाबाई रानडे यांनी आठवणींत हे लिहून ठेवले आहे. संशय फिटला आणि १८९३ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीशही झाले. म्हणजे परकीय सरकारलाही एवढे कळत होते, की मते असलेला माणूस नोकरीला निकामी होत नाही. असो.

येथे कोणी विचारील की मग सेवकाने वाटेल ते बोलावे काय? तसे माझे म्हणणे नाही, आणि त्यासाठी डमडमचीच एक गोष्ट सांगतो. जानेवारी १८५७ मध्ये येथे बंदुकीच्या शिक्षणाचे केंद्र होते आणि दारूगोळ्याचे कोठारही. कोठारातल्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितले. शिपायाने जातीमुळे नाकारले. तेव्हा खलाशी म्हणाला, की लवकरच तुम्हाला गाईची व डुकराची चरबी लावलेली काडतुसे दातांनी तोडायची आहेत, मग जात कुठे राहील? ही हकीगत कॅप्टन राइट या अधिकाऱ्याने वरिष्ठांना कळवली. केंद्रप्रमुख मेजर बाँटीन याने शिपायांना रांगेत उभे करून त्यांची काही तक्रार आहे का असे विचारले, आणि बऱ्याच जणांनी पुढे येऊन आदबीने ती सांगितली. महिनाअखेरीच्या आत सरकारने शिपायांना स्वतःचे वंगण वापरण्याची मुभा दिली. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

खलाशी ड्यूटीवर होता की नाही हे महत्त्वाचे नाही. तो बोलला ते नोकरीत हाताखालून जाणाऱ्या मालाबद्दल. असे बोलणे रोखण्यासाठी आज वेगळी तरतूद आहे : अनधिकृत माहिती देण्याबद्दल नियम ११ आणि १९२३ चा शासकीय गुपिते कायदा. खडकी, वरणगाव, भंडारा, अंबरनाथ आणि इकडे डमडम, ईशापूर येथील दारूगोळा व शस्त्रास्त्र कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या काम केलेल्या मराठी कुटुंबांना हे शिकवावे लागत नाही. कारखान्यातले घरी बोलायचे नाही, हे तिथली मुलेही जाणतात. परंतु त्याच कारखान्यातल्या फिटरने रविवारी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याबद्दल किंवा भाताच्या हमीभावाबद्दल मत दिले, तर सरकारचे कोणते गुपित फुटले? नोकरीमुळे हाती आलेली माहिती एक आणि नागरिक म्हणून झालेले मत दुसरे. नियम ९ या दोहोंत भेद करीत नाही. बोलणाऱ्याच्या हुद्द्याचा आणि विषयाचा संबंध काय, हेही तो विचारीत नाही.

नियम असा सैल असला की सगळे अधिकार नियम वापरणाऱ्याच्या हाती जातात. मे २०१९ मध्ये मुंबई महापालिकेत उपायुक्त असलेल्या श्रीमती निधी चौधरी यांनी गांधीजींविषयी एक ट्वीट केले. तो उपरोध होता असे त्यांचे म्हणणे. पुष्कळांनी तो सरळ अर्थाने घेतला आणि वादळ उठले. जूनमध्ये त्यांची बदली मंत्रालयात पाणीपुरवठा विभागात झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये येथे बंगालमध्ये आंदोलन पेटलेले असताना १६ तारखेला आरोग्य खात्याने ४२ डॉक्टरांच्या बदल्यांचा आदेश काढला आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतला. बदल्या नेहमीच्याच होत्या, असे खात्याने सांगितले. असतीलही. बदली ही शिक्षा नाही हे आपण सर्वच अधिकारी फाइलीवर लिहीत आलो आहोत. पण घर बांधून सामान हलवणारी बायकामुले ते मानीत नाहीत.

२८ जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने समाजमाध्यमांच्या वापराबद्दल परिपत्रक काढले. त्यातील व्यक्तिगत व कार्यालयीन खाती वेगळी ठेवण्याची सूचना शहाणपणाची आहे. गणवेशात किंवा सरकारी गाडीसमोर चित्रफिती काढण्याची हौसही आवरायलाच हवी होती. पण शासनाच्या धोरणावर टीका नको, हे जुने वाक्य तेथेही आहे तसेच आले, आणि ते व्यक्तिगत खात्यालाही लागू आहे. खाते वेगळे करून काय मिळवले?

त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये यावर अधिक समंजस वाट दाखवली. मत्स्यव्यवसाय खात्यातील एका महिला कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या तोंडावर निलंबित केले होते. कारण राजकीय सभेला उपस्थिती आणि फेसबुकवरील मजकूर. मुख्य न्यायमूर्ती अकील कुरेशी यांनी सांगितले, की सरकारी नोकर भाषणस्वातंत्र्याच्या हक्काला मुकत नाही, आणि सभेला हजर राहणे व सभेत भाग घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चौकशी रद्द झाली.

हा निकाल मला एका फाइलीसाठी उपयोगी पडला. एका कर्मचाऱ्याने सुटीच्या दिवशी आपल्या खात्यावर रेल्वेच्या एका निर्णयाबद्दल चार कडक ओळी लिहिल्या होत्या. त्याचे काम रेल्वेशी दुरान्वयानेही संबंधित नव्हते. कोणीतरी पडद्याचे छायाचित्र काढून ते वर पाठवले आणि ‘नियम ९ अन्वये कारवाई प्रस्तावित’ अशी टिपणी माझ्यापर्यंत आली. मी तीन प्रश्न लिहून ती परत केली. विधानात कार्यालयीन माहिती आहे काय? त्याच्याकडे सोपवलेल्या कामावरचा जनतेचा विश्वास त्याने ढळतो काय? लिहिताना त्याने हुद्दा वापरला काय? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आले आणि चौकशी झाली नाही. ‘समज द्यावी’ एवढा शेरा मात्र वरून पडला. तेव्हापासून त्या खात्यावर पोइला बैशाख, दुर्गापूजा आणि दिवाळीच्या शुभेच्छा तेवढ्या येतात.

मी स्वतः अजून सेवेत आहे. त्यामुळे हा लेख नियम ९ मध्ये बसतो की नाही, याचा विचार मीही केला. कार्यालयीन नात्याने सूचना करण्यास तो नियम आड येत नाही. म्हणून नियम ७ प्रमाणेच नियम ९ ही कलम १९(२) च्या शब्दांत लिहावा आणि टीका सेवकाच्या स्वतःच्या कामाशी निगडित असेल तरच तो लागू व्हावा, अशी दीड पानी सूचना मी रीतसर मार्गाने पाठवली आहे. तिची पोच मिळाली आहे.