चौथ्या सीटवरचा अभंग

पोर्तुगीजांनी सुमारे १७३० साली बांधावयास घेतलेला, १७३७ च्या साष्टीच्या मोहिमेत मराठ्यांच्या आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांच्या अंमलाखाली गेलेला ठाण्याचा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे येथेच गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यात कैद होता; त्याच्या खिडकीखालून घोडा फिरविताना एक मोतद्दार मराठी गाणे म्हणत असे आणि पलायनाचा सारा बेत त्या गाण्यातून पहारेकऱ्यांच्या कानांदेखत आत पोहोचला, अशी कथा सांगतात. १८१६ च्या सप्टेंबरात तो निसटला खरा. परंतु अधिकाराची तृष्णा, मला वाटते, त्याच्याबरोबरच तटाबाहेर पडली असावी, आणि १८१८ साली पुन्हा धरला जाऊन तो चुनारच्या किल्ल्यात रवाना झाला.

गाण्याने होणारी निराळी सुटका मी लोहमार्गावर पाहिली आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, पुढल्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले, आणि आज या बाजूच्या चाकरमान्याचा दिवस वेळापत्रकाच्या व हजेरीपटाच्या हवाली झालेला आहे. डोंबिवलीकराने जागेसाठी आधी उलटे कल्याणला जावे, तिघांच्या बाकावर चौथ्या सीटचा काठ मिळाला तरी धन्यता मानावी, नाहीतर पुढच्याच्या पाठीला छाती लावून मुंबई गाठावी, असा हा नित्याचा बंदोबस्त. त्याच डब्यात, रोजच्या ठरलेल्या दाराशी, पिशवीतून टाळ निघतात.

ज्याला काल साहेबाने चारचौघांत ताडले, ज्याच्या घरकर्जाचा हप्ता थकला, ज्याला आपले मूल आठवडाभर निजलेलेच पाहावयास मिळते, तो गृहस्थ बुवाने रूपाचा अभंग उचलताच असा काही सावरून बसतो, की यापैकी एकही दुःख हलके न होता त्यांची हुकमत मात्र संपते. जलद गाड्या १९१६ साली खुल्या झालेल्या पारसिकच्या बोगद्यातून जात असत तेव्हा गडगडाटात शब्द बुडून जात. परंतु टाळ थांबत नसत, आणि कळव्याच्या उजेडात गाडी आली की सारे कंठ एकाच अक्षरावर असत. माणसाची वेळ जप्त होते, जागा जप्त होते. लक्ष कोठे ठेवावे हा अखत्यार मात्र त्याने स्वतःहून सोडल्याखेरीज सरकारजमा होत नाही. तो चालविण्यास रियाज लागतो. केवळ भावनेच्या भरावर तो पावसाळाभरही टिकणार नाही.

याला पलायन म्हणणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. पळणाऱ्याला शेजारी दिसत नाही. येथे कल्याणहून बसून आलेला माणूस ठाण्यानंतर आपण होऊन उठतो आणि उभ्याला जागा देतो.

तथापि ही प्रसन्नता रेल्वेच्या कारभाऱ्यांनी आपल्या बचावासाठी पुढे करू नये. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ भरल्या लोकलच्या दारांतून प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काही दगावले. त्या वार्तेने जे चित्त हादरले नसेल ते मुक्त झाले नाही, बधिर झाले, असेच मी म्हणेन. गाड्या वाढवा, दारांचा बंदोबस्त करा, असा अर्ज डब्यात फिरेल तेव्हा त्यावर पहिल्या सह्या या भजनी मंडळींच्या असाव्यात, अशी माझी कळकळीची इच्छा आहे. कारण इतक्या गर्दीत एकमेकांचा ताल सांभाळण्याची सवय त्यांच्याइतकी त्या गाडीत दुसऱ्या कोणाला नाही.