चुकणं आणि चुकारा

तेल्हारा, रविवार, रात्र

आज बाजारातून येताना एका पोरानं उलट्या बाजूनं गाडी घातली. भाजीवाली आजी ओरडली, "काहून येऊन राह्यला बाप्पा राँग साइडनं?" चुकीची बाजू असं तिला सुचलंही नसेल. 'राँग' आता तिच्या घरचा शब्द आहे, राँग नंबरासारखाच. इंग्रजीत त्याचं मूळ 'वाकडा, पिळलेला' असं आहे. आपणही बिनसलं की वाकडं आलं म्हणतो.

पण मला झोपू देत नाहीये तो आपला 'चुकणे'. गणित चुकतं, जत्रेत पोर चुकतं, एसटी चुकते, भोग मात्र चुकत नाहीत. आणि कळून चुकतं म्हणजे तर पुरतं कळतं! बिघडणं आणि पुरं होणं, दोन्ही एकाच शब्दात. हिशेब चुकता होतो तो या पुरं होण्यातूनच. आमच्या वऱ्हाडात त्याच घरातला शब्द चुकारा, विकलेल्या मालाचे पैसे. १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी आली, तेव्हापासून तर तो शेतकऱ्याच्या तोंडी कायमचाच.

आजोबा कापूस घालून आले की आजी दारातच विचारायची, "चुकारा भेटला काय जी?"

कोशात चुकारा म्हणजे फेड. मला आठवते ती कोपरीच्या खिशातली, घामानं मऊ पडलेली पावती. आजोबा ती रोज संध्याकाळी उलगडून पाहत आणि पुन्हा त्याच घडीवर दुमडून ठेवत.